रक्तातील प्रतिपिंडे आणि रोगनिदान : ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ

आमच्या संधिवात बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी असते. तिच्यात क्ष-किरण चित्रे, जुन्या चिठ्ठ्या, औषधांची रिकामी पाकिटे आणि रक्ततपासणीचे कागद असतात. त्यांतला एखादा कागद घड्या पडून मऊ झालेला असतो. तो पुनःपुन्हा उघडून पाहिला गेला आहे, हे न सांगता कळते. त्यावर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ असे छापलेले असते.

गतवर्षी अशा दोन रुग्ण एकाच सकाळी तपासणीसाठी आल्या. पहिल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या. सात वर्षांपूर्वी गावात भरलेल्या एका शिबिरात गुडघे दुखतात म्हणून त्यांचे रक्त तपासण्यात आले आणि ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ असा अहवाल हाती पडला. तेव्हापासून त्यांनी दही, चिंच, लिंबू सोडले होते. निरनिराळ्या ठिकाणच्या औषधांत स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. चेहरा सुजला होता, रक्तातील साखर वाढली होती. घरात वाताचा रोग आहे ही गोष्ट मुलीचे लग्न जमवताना दोनदा आडवी आली होती. तपासणीअंती त्यांच्या गुडघ्यांत वयोमानाची आणि कष्टाची झीज आढळली, दुसरे काही नाही. दुसऱ्या रुग्ण तिशीतल्या अंगणवाडी सेविका. पहाटे दोन्ही हातांची बोटे आखडलेली, मनगटे सुजलेली, धुणे पिळता येत नव्हते. त्यांचा अहवाल मात्र ‘निगेटिव्ह’ होता, म्हणून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यात अकरा महिने गेले होते आणि एवढ्या काळात हाताच्या लहान सांध्यांचे हाड कुरतडले जाऊ लागले होते.

एकीला रोग नसताना सात वर्षे रोगी ठरविले गेले, दुसरीला रोग असताना निरोगी. दोन्ही प्रयोगशाळांनी आपले काम चोख केले असावे, असेच आम्हाला वाटते. चूक झाली ती कागदाचा अर्थ लावताना. विश्वस्त मंडळाच्या सभेत प्रतिपिंडांच्या तपासण्यांवरील खर्चाविषयी जो प्रश्न निघाला, त्याचे उत्तरही या दोन रुग्णांच्या कहाणीतच आहे. म्हणून या अहवालात त्या तपासण्यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रतिपिंड म्हणजे काय

शरीरात जंतू, विषाणू किंवा परके प्रथिन शिरले की प्रतिकारसंस्थेतील काही पेशी त्या परक्या पदार्थालाच नेमके चिकटेल असे प्रथिन तयार करू लागतात. हेच प्रतिपिंड. त्याचा आकार मुलांच्या बेचकीसारखा असतो. बेचकीची दोन टोके परक्या पदार्थाला पकडतात आणि खालची मूठ इतर पेशींना ‘इकडे या’ अशी खूण करते. टोकांची घडण प्रत्येक शत्रूसाठी वेगळी असते, मूठ मात्र बव्हंशी सारखी. संसर्गाच्या आरंभी जी प्रतिपिंडे दिसू लागतात त्यांना आयजीएम म्हणतात. मागाहून येणारी आणि दीर्घकाळ टिकणारी ती आयजीजी. आयजीजी प्रतिपिंडे वारेतून आईकडून गर्भाकडे जातात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

प्रतिपिंडांचा औषध म्हणून उपयोग होतो हे बर्लिन येथे १८९० साली एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले. आपल्या ग्रामीण भागाला त्याचा परिचय सर्पदंशाच्या इंजेक्शनामुळे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अल्प प्रमाणात घोड्याला टोचत गेले की घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि तीच शुद्ध करून रुग्णाला दिली जातात. लोक तिला ‘सापाची लस’ म्हणतात, वस्तुतः ती लस नव्हे. लस शरीराला प्रतिपिंडे करायला शिकविते. येथे ती घोड्याकडून उसनी घेतलेली असतात.

हीच यंत्रणा स्वतःच्या शरीरावर उलटू शकेल, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांना संभवनीय वाटत नव्हते. पॉल एर्लिख यांच्यासारख्या थोर संशोधकाचे मत असे होते की, शरीर स्वतःच्या ऊतींचा नाश करणारी प्रतिपिंडे बाळगणार नाही. परंतु १९०४ साली व्हिएन्नात डोनाथ आणि लांडस्टायनर (रक्तगटांचा शोध लावणारे तेच) यांनी थंडी लागताच लघवीवाटे रक्तद्रव्य जाणाऱ्या रुग्णांत, स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड शोधून काढले. आज अशा स्वप्रतिकारक आजारांची यादी बरीच लांब झाली आहे.

या यादीतील प्रत्येक प्रतिपिंडाचा रोगाशी असलेला संबंध मात्र सारखा नाही, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. काही प्रतिपिंडे स्वतःच अपराधी असतात. मायस्थेनिया या आजारात मज्जातंतूचा संदेश स्नायूत उतरतो त्या ठिकाणी प्रतिपिंडे अडथळा आणतात. पापण्या गळतात, घास गिळवत नाही. यंत्राच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रतिपिंडे काढून टाकली तर रुग्णाला काही दिवसांतच उतार पडतो. काही प्रतिपिंडे अपराधाच्या जागी हजर असलेल्या साक्षीदारासारखी असतात, रोगाची बातमी देतात पण सगळा रोग त्यांनी घडविलेला नसतो. आणि काही तर नुसती वाटसरू.

आरए फॅक्टर

सर्वांत अधिक मागविली जाणारी आणि सर्वांत अधिक गैरसमज निर्माण करणारी ही तपासणी. ज्या सांधेदुखीला आपल्याकडे बहुधा आमवात म्हणतात त्या र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाचे सीरम मेंढीच्या विशिष्ट तऱ्हेने तयार केलेल्या तांबड्या पेशींत मिसळले असता पेशींच्या गाठी होतात, असे ऑस्लो येथील एरिक वालर यांना १९४० साली आढळले. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ आणि सहकाऱ्यांनी तेच स्वतंत्रपणे नोंदविले. पुढे मेंढीच्या पेशींची जागा लॅटेक्सच्या सूक्ष्म कणांनी घेतली. लहान प्रयोगशाळांतून काचपट्टीवर थेंब ढवळून होणारी तपासणी ती हीच.

हा ‘फॅक्टर’ म्हणजे प्रतिपिंडाविरुद्धचे प्रतिपिंड होय. बेचकीच्या मुठीला तो चिकटतो. शरीरात दीर्घकाळ कोणताही संसर्ग धुमसत असला आणि प्रतिपिंडांचे उत्पादन सतत चालू असले की तो निर्माण होऊ शकतो. क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस-सी, हृदयाच्या झडपांना झालेला जंतुसंसर्ग, या सर्वांत तो आढळतो. निरोगी प्रौढांपैकीही सुमारे शेकडा ५ जणांच्या रक्तात तो असतो आणि वार्धक्यात हे प्रमाण वाढते. उलटपक्षी, खरा आमवात असणाऱ्यांपैकी शेकडा २० ते ३० जणांत तो सापडतच नाही.

येथे थोडे गणित करावे लागेल. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. आपल्या ग्रामीण समाजाची अशी पाहणी देशात फार थोडी झाली आहे. तिच्यात आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. आता एका गावातील १,००० प्रौढांचे रक्त सरसकट तपासले असे समजा. त्यांत आमवाताचे रुग्ण सुमारे ५. त्यांपैकी ४ जणांचा अहवाल पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी शेकडा ५ म्हणजे जवळजवळ ५० जणांचाही अहवाल पॉझिटिव्हच येईल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ छापलेले एकंदर ५४ कागद, आणि त्यांतले ५० चुकीची भीती घालणारे. शिबिरात ही तपासणी करणे म्हणजे काय, हे यावरून समजेल. आमच्या शेतमजूर भगिनी त्या पन्नासांतल्या एक होत्या.

तीच तपासणी निराळ्या प्रसंगी करून पाहा. हाताचे लहान सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले आहेत, सकाळी तास-दीड तास बोटे आखडतात, अशा १०० रुग्णांना अनुभवी डॉक्टरांनी तपासून निवडले. त्यांत निम्म्यांना आमवात आहे असे धरू. पन्नासांपैकी ४० पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या पन्नासांत दोन-तीन, इतर आजार जमेस धरले तर आणखी काही. आता पॉझिटिव्ह कागदावर भिस्त ठेवता येते. तपासणी तीच, रसायने तीच, यंत्रही तेच. फरक पडला तो रक्त कोणाचे घेतले यामुळे. तपासणीचे मोल सुई टोचण्यापूर्वी, रुग्णाचा हात हातात घेऊन सांधे दाबून पाहताना ठरते, असे आम्ही निवासी डॉक्टरांना सांगतो ते एवढ्यासाठीच.

अमेरिकेतील आणि युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली आमवात ठरविण्याचे जे निकष मान्य केले तेही हेच सांगतात. दहापैकी सहा गुण मिळाले तर रोग निश्चित मानला जातो. प्रतिपिंडांना अधिकाधिक ३ गुण आहेत. सांध्यांची संख्या आणि प्रकार यांना ५, दाहाच्या खुणांना १ आणि सहा आठवड्यांच्या कालावधीला १. शिवाय निदान एक सांधा सुजलेला असलाच पाहिजे. केवळ रक्ताच्या जोरावर कोणालाही आमवाताचा रुग्ण म्हणता येत नाही, आणि ज्याचे दहाहून अधिक सांधे सुजले आहेत त्याला प्रतिपिंडे नसली तरी आमवात नाही असे म्हणता येत नाही. आमच्या अंगणवाडी सेविकांचे गुण सात झाले, प्रतिपिंडांचा एकही गुण न धरता.

गेल्या पाव शतकात आरए फॅक्टरच्या जोडीला ‘अँटी-सीसीपी’ ही अधिक नेमकी तपासणी आली. आपल्या प्रथिनांतील आर्जिनिन हे अमिनो आम्ल काही वितंचकांमुळे सिट्रुलिनमध्ये बदलते. (सिट्रुलिन प्रथम कलिंगडाच्या रसातून मिळाले आणि त्याचे नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडले. कलिंगड खाण्याशी आमवाताचा काही संबंध नाही, हे सांगून ठेवलेले बरे!) अशा बदललेल्या प्रथिनांना काही व्यक्तींची प्रतिकारसंस्था परके समजते. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या माणसाने धूम्रपान केले तर ही शक्यता बरीच वाढते. १९९८ च्या सुमारास नेदरलँड्समधील संशोधकांनी यावर आधारलेली तपासणी पुढे आणली. आमवात नसलेल्यांपैकी जेमतेम शेकडा ५ जणांत, किंवा त्याहूनही कमी जणांत, ती पॉझिटिव्ह येते आणि क्षयासारख्या संसर्गाने आरए फॅक्टरइतकी फसत नाही. ती पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णात सांध्यांची हानी लवकर होण्याचा संभव असतो, म्हणून औषधयोजनाही नेटाने करावी लागते.

याच देशात रक्तदात्यांच्या साठविलेल्या नमुन्यांवर झालेले आणि २००४ साली प्रसिद्ध झालेले संशोधन विचार करायला लावणारे आहे. पुढे आमवात झालेल्या ७९ दात्यांचे जुने रक्त शोधून तपासण्यात आले. जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात, पहिला सांधा दुखण्यापूर्वीच, आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी उपस्थित होते, बहुधा चार-पाच वर्षे अगोदर. रोग सांध्यात उतरण्यापूर्वी किती काळ रक्तात वावरत असतो, हे त्यावरून दिसले. मग निरोगी माणसांनी ही तपासणी करून घ्यावी काय, असा प्रश्न नातेवाईक विचारतात, विशेषतः आईला आमवात असलेल्या मुली. सध्या तरी आमचे उत्तर नकारार्थी आहे. सांधे दुखू लागलेल्या, पण अद्याप सूज नसलेल्या आणि प्रतिपिंडे असलेल्या व्यक्तींना आधीच औषध दिल्यास रोग लांबतो, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दोन अभ्यासांत दिसले. परंतु औषध थांबविल्यानंतर तो लाभ हळूहळू ओसरू लागला. ज्याला काहीच त्रास नाही त्याला चिंता देण्यापलीकडे आज तरी त्या कागदाचा उपयोग नाही. तंबाखू सोडण्याचा सल्ला मात्र रक्त न तपासताही देता येतो.

एएनए आणि ल्युपस

ल्युपस हा मुख्यत्वे तरुण स्त्रियांना होणारा आजार. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया. ताप, केस गळणे, गालांवर उन्हाने वाढणारा लाल चट्टा, सांधेदुखी अशी त्याची सुरुवात होते आणि मूत्रपिंड, मेंदू, रक्त यांपैकी कशावरही तो घाला घालू शकतो. यात पेशीकेंद्रातील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांची प्राथमिक तपासणी म्हणजे एएनए. रुग्णाचे सीरम पातळ करीत जायचे आणि कोणत्या पातळपणापर्यंत पेशीकेंद्रे सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकतात ते पाहायचे. अहवालातील ‘१:४०’ किंवा ‘१:३२०’ याचा अर्थ एवढाच. दुसरा आकडा जितका मोठा तितके प्रतिपिंड अधिक.

ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत एएनए सापडते, म्हणून ते मुळीच नसेल तर ल्युपसचा विचार बहुतांशी बाजूला ठेवता येतो. पण सापडले म्हणजे ल्युपस, हे खरे नाही. १९९७ साली अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचे रक्त तपासले, तेव्हा १:४० या पातळीवर शेकडा ३१.७, १:८० वर १३.३ आणि १:३२० वर ३.३ जणांत एएनए पॉझिटिव्ह आले. दर तीन धडधाकट माणसांमागे जवळजवळ एकाचा कागद ‘पॉझिटिव्ह’! २०१९ च्या निकषांनी एएनएला ल्युपसच्या दारातून आत जाण्याची परवानगी एवढेच स्थान दिले आहे. आत गेल्यावर पुरावे निराळे द्यावे लागतात.

त्या पुराव्यांत ‘अँटी-डीएसडीएनए’ प्रतिपिंड आणि रक्तातील सी-३, सी-४ या पूरक प्रथिनांची पातळी महत्त्वाची. प्रतिपिंडे आणि त्यांचे लक्ष्य यांचे गठ्ठे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत अडकतात, त्यांना विझविण्याच्या झटापटीत पूरक प्रथिने खर्ची पडतात. म्हणून प्रतिपिंड चढते आणि सी-३, सी-४ उतरतात तेव्हा मूत्रपिंडाकडे बारकाईने पाहावे लागते. ही तपासणी, आरए फॅक्टरच्या उलट, वेळोवेळी पुन्हा करण्यात अर्थ आहे. तरीही आम्ही रुग्णांना आग्रहाने सांगतो ती गोष्ट याहून स्वस्त आहे: दर भेटीला लघवीची साधी तपासणी. मूत्रपिंडाला झालेली इजा पुष्कळदा काही दुखण्याआधी लघवीतील प्रथिनांतूनच प्रथम कळते. महागडा कागद जपून ठेवणारे रुग्ण लघवीच्या तपासणीचा कंटाळा करतात, हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

अमेरिकन सैन्यदलाने जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरील २००३ सालचे संशोधन नेदरलँड्समधील अभ्यासाचेच भावंड म्हणावे असे आहे. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानापूर्वीच निदान एक तरी स्वप्रतिकारक प्रतिपिंड होते, कोणाच्या तर नऊ वर्षांहून अधिक आधी.

आईच्या रक्तातून बाळाकडे

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रसूती विभागात पाचवा महिना सरत आलेल्या एका तरुण स्त्रीच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साठच्या आसपास आढळले. ते १२० ते १६० असावयास हवेत. आई ठणठणीत होती. डोळे कोरडे पडतात, रात्री पाण्याचा तांब्या उशाशी लागतो, एवढीच तिची तक्रार, आणि तीही खोदून विचारल्यावर सांगितलेली. तिच्या रक्तात ‘अँटी-आरओ’ हे प्रतिपिंड भरपूर प्रमाणात सापडले.

आयजीजी प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात, असे वर सांगितले. निसर्गाने ही सोय बाळाच्या संरक्षणासाठी केलेली. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ आईच्या प्रतिपिंडांवरच तग धरते. पण अँटी-आरओ प्रतिपिंडेही त्याच वाटेने जातात आणि क्वचित बाळाच्या हृदयातील विद्युतसंदेशाचा मार्ग कायमचा बंद करतात. बहुधा हे १८ ते २४ व्या आठवड्यांत घडते. असे प्रतिपिंड असलेल्या शंभर मातांपैकी एक-दोघींच्याच बाळांना ते होते, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु एका बाळाला झाले असेल तर पुढच्या खेपेस धोका सुमारे सहापैकी एकीला इतका वाढतो. काही बाळांना केवळ त्वचेवर चट्टे उठतात. आईची प्रतिपिंडे सहा-आठ महिन्यांत विरून गेली की तेही जातात. हृदयातील खंड मात्र भरून येत नाही.

त्या बाळाला पेसमेकर बसवावा लागला. ते आज शाळेत जाते. दुसऱ्या गर्भारपणात आईला आरंभीच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू करण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या औषधाने पुनरावृत्तीचे प्रमाण अपेक्षित शेकडा १८ वरून ७.४ वर आल्याचे दिसले होते. सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची नियमित सोनोग्राफी करण्यात आली. दुसरे बाळ सुखरूप आहे. आयुष्यात बहुधा एकदाच केलेल्या एका तपासणीने येथे सर्व काही बदलले. प्रतिपिंडांच्या तपासण्यांवर खर्च का करावा, असे विचारणाऱ्या हितचिंतकांसमोर आम्ही हे उदाहरण ठेवतो. कोठे करू नये, याची उदाहरणे पुढे आहेत.

काही नित्याचे घोटाळे

पहिला घोटाळा लहान मुलांचा. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर ‘एएसओ’ हे प्रतिपिंड वाढते. दाटीवाटीच्या वस्तीत, शाळेत जाणाऱ्या मुलांचे घसे वारंवार बिघडतात, त्यामुळे पुष्कळ निरोगी मुलांतही ते वाढलेले असते. ते केवळ ‘मागे असा संसर्ग होऊन गेला’ एवढेच सांगते. परंतु पाय दुखतात आणि एएसओ वाढलेले आहे एवढ्यावर हृदयाला अपाय करणारा संधिज्वर ठरवून, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे वेदनादायक इंजेक्शन घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांतील काहींचे पाय केवळ वाढत्या वयामुळे दुखत होते. खऱ्या संधिज्वरात मात्र हे इंजेक्शन एकदाही चुकविता कामा नये, कारण दुसरा झटका हृदयाची झडप निकामी करू शकतो. कोणते मूल कोणत्या गटात, हे ठरविताना हृदय ऐकावे लागते, इकोकार्डिओग्राफी करावी लागते. पालकांनी वर्षानुवर्षे चाललेले इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नये, मुलाला घेऊन येथे यावे.

क्षयरोगाच्या बाबतीत शासनानेच पाऊल उचलले. क्षयाच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी एकेकाळी खाजगी क्षेत्रात सर्रास होत असे. आपल्या देशात बहुसंख्य लोकांचा क्षयजंतूंशी कधी ना कधी संबंध आलेला असल्याने आजचा रोग आणि कालचा संपर्क यांतील भेद ती सांगू शकत नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिच्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली आणि २०१२ मध्ये भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली. क्षयासाठी थुंकी किंवा बाधित भागाचा नमुनाच तपासावा लागतो. जुन्या पिशव्यांतून तो कागद अजून क्वचित निघतो.

समाजाच्या पातळीवर मात्र ‘कालच्या संपर्काची’ हीच माहिती मोलाची ठरते. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत कोविडच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांतील शेकडा ५७ आणि इतर वस्तीतील शेकडा १६ लोकांत ती आढळली. नोंदलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट लोकांना संसर्ग होऊन गेला आहे हे त्यावरून कळले. पाहणीसाठी हे ठीक. त्यातील एखाद्या माणसाला आज ताप का आला, हे त्या कागदाने सांगितले नसते.

ईएसआर आणि सीआरपी यांची गणना लोक प्रतिपिंडांतच करतात. ती प्रतिपिंडे नव्हेत. शरीरात कोठेतरी दाह आहे, एवढेच ती सांगतात, दाताच्या गळवापासून आमवातापर्यंत कोठेही. आमवाताचे औषध लागू पडते आहे का, हे पाहण्यास मात्र ती उपयोगी पडतात. त्यासाठी आरए फॅक्टर दर महिन्याला पुन्हा तपासण्याचे काहीच प्रयोजन नाही. रुग्ण चालू लागतो, स्वयंपाक करू लागतो आणि ‘फॅक्टर’ तसाच राहतो, असे वारंवार घडते. त्या आकड्याला औषध द्यायचे नसते.

या विचारानेच आम्ही विभागात एक साधी शिस्त पाळतो. प्रतिपिंडांची तपासणी लिहिताना डॉक्टरांनी कोणत्या शंकेसाठी ती लिहिली ते एका ओळीत नोंदवावे लागते. ‘सर्व तपासण्यांचे पॅनेल’ असे लिहिता येत नाही. मोठ्या पॅनेलच्या एका अहवालाला लागणाऱ्या पैशांत गरीब रुग्णाच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या कित्येक महिने येतात. (ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांनी कृपया पुन्हा एकदा वाचावे: ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यावयाची असते. ती रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत.) देणगीदारांनी तपासण्यांसाठी दिलेला निधी ज्या रुग्णांत उत्तराने उपचार बदलणार आहे अशांसाठी राखून ठेवला जातो. मूत्रपिंडाला सूज आलेली मुलगी, कोरड्या डोळ्यांची गर्भवती, हाताचे सांधे सुजलेला कामगार, अशा रुग्णांना केवळ पैशांअभावी ही तपासणी नाकारली जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

अंगणवाडी सेविकांचे उपचार निदानाच्या दिवशीच सुरू झाले. झिजलेले हाड पूर्ववत होणार नाही, पण नवी झीज थांबली आहे आणि त्या कामावर रुजू झाल्या आहेत. शेतमजूर भगिनींची स्टेरॉइडची गोळी एकदम थांबविणे धोक्याचे होते. ती उतरवीत न्यायला पाच महिने लागले. भौतिकोपचार विभागात त्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकविण्यात आले. ज्या दिवशी आम्ही त्यांना ‘तुम्हाला आमवात नाही, कधी नव्हताच’ असे सांगितले, त्या दिवशी त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सोबत आलेल्या मुलीने कागद घडी करून पिशवीत ठेवला. उठताना बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘मग डॉक्टर, आता दही खाल्लं तर चालेल का?’